हरणांनी मागितलेली मुदत



आजचं वाचन : महाभारत, वनपर्व, मृगस्वप्नोद्भव पर्व.

नाव भलं मोठं, पण पर्व अगदी छोटं आहे. आधीची घोषयात्रेची धामधूम आणि पुढचं द्रौपदीहरण यांच्या मध्ये ते असं दडून बसलंय की पारायण करतानाही पटकन निसटतं. म्हणून आज जरा सावकाश वाचू.

पांडव द्वैतवनात राहत आहेत. गंधर्वांच्या हातून दुर्योधनाला सोडवून नुकतंच झालंय. एका रात्री युधिष्ठिराला स्वप्न पडतं. स्वप्नात हरणं येतात. अंग थरथरतंय, गळा दाटलाय, हात जोडलेले. (हरणांना हात कुठून आले असं विचारू नका, स्वप्न आहे ते.) युधिष्ठिर विचारतो, तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय? ती म्हणतात, आम्ही या वनातली उरलेली हरणं. तुमचे भाऊ शूर आहेत, अस्त्रविद्येत निपुण आहेत. आमची कुळंच्या कुळं संपत आली. आता आम्ही बियाण्यापुरते उरलोय. तुम्ही राहायची जागा बदला, म्हणजे आम्ही पुन्हा वाढू.

युधिष्ठिराला फार वाईट वाटतं. तो म्हणतो, तुम्ही म्हणता तसंच करीन. सकाळी उठून भावांना सांगतो, एक वर्ष आणि आठ महिने आपण यांच्यावर जगतोय, आता यांच्यावर दया करायला हवी. आणि सगळा मुक्काम हलवून ते काम्यकवनात, तृणबिंदू सरोवराजवळ जातात.

गोष्ट एवढीच. पण गेला महिनाभर ती माझ्या डोक्यातून जात नाहीये. कारण या महिन्यात मला दोन विद्यार्थ्यांचे दोन मेसेज आले, आणि दोघांचाही प्रश्न फिरून याच स्वप्नापाशी येतो.

दोन मेसेज

पहिला माझ्या मित्राच्या धाकट्या भावाचा. अमेरिकेत एमएस करतोय. घर माळकरी. त्याने लिहिलं, "दादा, इथे स्टुडंट असलं की फिशिंगचं लायसन्स लोकल लोकांच्या रेटने मिळतं. लॅबमधले सगळे वीकेंडला लेकवर जातात. मासा पकडायचा, फोटो काढायचा, परत सोडायचा. कायदेशीर आहे, मारायचंही नाही, खायचंही नाही. काढू का?"

दुसरा मेसेज आपल्या शनिवारच्या हरिपाठाला येणाऱ्या एका मुलीचा. ती भंडारा जिल्ह्यातल्या एकोडीकडची, साकोली तालुका. पुण्यात होस्टेलवर राहून बीएस्सी करते, विषय प्राणिशास्त्र. तिने लिहिलं, "दादा, मला माळ घालायची आहे. पण एक ताई म्हणाल्या, तुझी फी माशांच्या पैशातून येते, आधी ते सोड मग माळ घाल. माझे बाबा ढिवर सोसायटीचे सभासद आहेत. लहान भाऊ सातवीत आहे, तोही संध्याकाळी बाबांसोबत तलावावर जातो. आम्ही सोडून काय करू, सांगा ना जी."

शेवटच्या त्या 'जी'ने मला गप्प केलं. आमच्या झाडीपट्टीत मोठ्यांशी बोलताना वाक्याला असा 'जी' लागतो. त्यात आदर असतो, आणि बहुतेक वेळा खरी अडचणही असते.

बघा कसं आहे. एकाला परवाना मिळतोय पण गरज नाही. दुसरीच्या घरी गरज आहे, कायदाही आहे, पण आपल्यातल्याच कोणीतरी तिच्या भक्तीचा परवाना अडवून धरलाय. मला दोघांनाही एकाच धर्माने उत्तर द्यायचंय. एकाला सूट आणि दुसरीला जाच, असं चालणार नाही.

परवाना काय करतो?

आधी कायद्याकडे बघू. कायदा म्हणजे धर्म नव्हे, हे मान्य. पण कायदा हा समाजाने एकत्र बसून केलेला विचार असतो, आणि त्यात कधीकधी बरंच शहाणपण सापडतं.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. आज आपल्याला वाटतं की त्या दिवसापासून शिकार बंद झाली. तसं नव्हतं. मूळ कायद्यात शिकारीचे परवाने होते: खास शिकारीचा वेगळा, मोठ्या शिकारीचा वेगळा, छोट्या शिकारीचा वेगळा, आणि जिवंत पकडण्याचा वेगळा. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवान्यांची सगळी व्यवस्थाच काढून टाकली. म्हणजे जवळपास वीस वर्षं आपण "किती मारायचं" याचा हिशेब ठेवत होतो, मग ठरवलं की हा हिशेबच नको. हरणं बियाण्यापुरती उरली हे आपल्याला उशिरा कळलं, पण कळलं.

तरी एक दार उघडं राहिलं. कलम १२. शिक्षणासाठी आणि शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतो. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की या कायद्यात 'शिकार' या शब्दात फक्त मारणं येत नाही. पकडणं, सापळा लावणं, हाकारा घालणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारच. त्यामुळे एखाद्या विद्यार्थ्याला संरक्षित यादीतला प्राणी नुसता पकडून मोजायचा असेल आणि परत सोडायचा असेल, तरी परवानगी लागते.

आपला अमेरिकेतला भाऊ म्हणतो, "पकडून सोडतो, मारत नाही." आपल्या कायद्याच्या भाषेत पकडणं हीसुद्धा शिकारच झाली असती. साध्या माशाला तो कायदा लागू नाही, ही गोष्ट वेगळी. पण ती व्याख्या करणाऱ्याला एक मर्म कळलं होतं: ज्याला पकडलं जातं त्याच्यासाठी शिकार पकडण्यापासूनच सुरू होते.

त्याच्याकडच्या कायद्याचीही बाजू नीट मांडायला हवी. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत परवान्याचे दोन दर असतात, रहिवाशाला स्वस्त आणि बाहेरच्याला महाग. शिकायला आलेला पूर्णवेळ विद्यार्थी यात कुठे बसतो, हा प्रश्न तिथल्या विधिमंडळांत येत राहतो, आणि अनेक राज्यांनी दुरुस्ती करून त्याला रहिवासी धरलंय. शिवाय परवान्याचे पैसे त्या राज्यातल्या वन्यजीवांच्या कामाला लागतात. बंदुका आणि काडतुसांवरचा कर १९३७ पासून, आणि मासेमारीच्या साहित्यावरचा १९५० पासून त्याच कामाकडे वळवलेला आहे. म्हणजे तिथला परवाना हा नुसता मारायचा दाखला नाही. त्यातून तळं राखण्यासाठी वर्गणीही जमा होते.

मला त्या दुरुस्तीतला 'रहिवासी' हा शब्द आवडला. शिकायला आलेल्या पोराला "तू इथलाच" म्हणणं ही चांगली गोष्ट आहे. पण लगेच मनात आलं, आपल्या एकोडीच्या मुलीचं उलटं झालंय. ती शिकायला बाहेर पडली आणि इथे आपण तिला सांगतोय की तू तिथली राहू नकोस. तुझ्या तलावाशी नातं तोड, मग आमच्यात ये.

तलाव आणि ढिवर

शहरातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. शेजारचा गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यातच होता. चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात हजारो जुने तलाव आहेत. आमच्याकडे त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. मामा म्हणजे माजी मालगुजारी. यातले बरेच कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले. उतार ओळखून पाळ घालायची, पाणी अडवायचं आणि धानाच्या बांध्यांना द्यायचं, हे त्यांचं कसब. लहान असेल तर त्याला बोडी म्हणायचं. पाणी शेतकऱ्याचं, आणि त्या पाण्यातले मासे, शिंगाडे, कमळकाकडी यांवर जगणारा ढिवर समाज. एकाच तलावावर दोघांचं पोट.

मालगुजारी संपवणारा कायदा १९५० चा. तलाव सरकारजमा झाले, आणि मासेमारी पुढे ठेक्याने, सहकारी सोसायट्यांमार्फत होऊ लागली. सोसायटी तलावात कतला, रोहू, मृगल यांची बोटुकली सोडते, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, आणि वाढली की जाळं टाकते. ठेक्याचे पैसे, बियाण्याचे पैसे, पाऊस कमी पडला तर तोटा, हे सगळं सभासदांवर.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या प्रश्नाला एक वेगळं वळण दिलं. जंगलावर पिढ्यान्‌पिढ्या जगणाऱ्यांना त्याने बरेच हक्क दिले. त्यात जंगलातल्या पाणवठ्यांमधले मासे आणि इतर उपज घेण्याचा सामुदायिक हक्क स्पष्ट लिहिला आहे. आणि त्याच कलमात पुढे, इतर पारंपरिक हक्क मान्य करताना, शिकारीचा हक्क तेवढा स्पष्टपणे वगळला आहे. मासा चालेल, हरीण नाही.

मला हे वाचून प्रश्न पडला. मासा तडफडत नाही का? तडफडतो. मग ही रेघ कशाच्या आधारावर? वेदनेच्या आधारावर तर नक्कीच नाही. रेघ दोन गोष्टींवर ओढलेली दिसते: कोणाची भूक त्यावर अवलंबून आहे, आणि घेतल्यावर मागे बी उरतं का. मासा हजारोंनी अंडी घालतो, तलाव राखला तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतो. हरणाचं तसं नाही. म्हणजे २००६ चा कायदा आणि द्वैतवनातली हरणं एकाच कसोटीवर बोलतात: बी उरू दे.

आणि ही कसोटी मासेमारीलाही लागते. पाण्यात विष कालवून किंवा सुरुंग लावून मासे मारायला १८९७ च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यापासून बंदी आहे. कारण सरळ आहे. जाळ्याची आस लहान-मोठी करता येते, पण विषाला आस नसते. त्यात बीसुद्धा जातं.

हरणांनी काय मागितलं नाही

आता परत स्वप्नाकडे. मला त्यात तीन गोष्टी दिसतात.

पहिली. हरणं "आम्हाला मारणं पाप आहे" असं म्हणत नाहीत. "मांस सोडा" असंही म्हणत नाहीत. ती मुदत मागतात. आपल्याला, विशेषतः आपण शाकाहारी भक्त मंडळींना, ही गोष्ट जरा अडचणीची वाटते. वाटू दे. महाभारत आपल्या सोयीसाठी लिहिलेलं नाही.

दुसरी. युधिष्ठिराकडे त्या काळचे सगळे परवाने होते. क्षत्रियाला मृगया मान्य होती. वनवास होता, दुसरं साधन तुटपुंजं होतं, सोबतच्या ब्राह्मणांना आणि आश्रितांना जेवू घालायचं होतं. तो हे सगळं हरणांना ऐकवू शकला असता. त्याने एकही शब्द स्वतःच्या हक्काबद्दल काढला नाही. परवाना एवढंच सांगतो की तुम्ही घेतलंत तर तुम्हाला कोणी अडवणार नाही. ज्याच्याकडून घेतलं त्याला काय वाटतं, हे परवान्यावर छापलेलं नसतं. त्यासाठी झोपेतसुद्धा कान उघडे लागतात.

तिसरी, आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती. दयेची किंमत युधिष्ठिराने स्वतः भरली. त्याने आपलं बिऱ्हाड हलवलं. सबंध लवाजमा घेऊन, पुन्हा नव्या वनात. "आम्ही इथेच राहतो, पण आसपासच्या व्याधांनी शिकार बंद करावी" असा हुकूम त्याने काढला नाही.

मंडळी, इथे थांबून स्वतःला विचारू. आपल्या दयेची किंमत कोण भरतं? त्या ताईंनी मुलीला सांगितलं, माशांचा पैसा सोड. त्यांना माशांबद्दल कळवळा असेल, मी नाकारत नाही. पण त्या कळवळ्यात ताईंच्या खिशातून काय गेलं? काहीच नाही. गेलं असतं ते एका ढिवर घरातल्या पहिल्या पदवीचं वर्ष. दुसऱ्याच्या ताटातून काढून दाखवलेल्या नैवेद्याला आपण नैवेद्य म्हणणार का?

धर्मव्याध काय म्हणाला असता?

याच वनपर्वात व्याधगीता आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण झाडाखाली वेदाध्ययन करत बसलाय. वरून बगळी विटाळते. तो रागाने बघतो आणि बगळी मरून पडते. पुढे एक पतिव्रता त्याला म्हणते, धर्म शिकायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे. कौशिक जातो, तर हा गुरू मांसाच्या दुकानात बसलेला.

जरा मजा बघा. अध्ययन करणाऱ्याने, कसलीही गरज नसताना, नुसत्या रागाने जीव घेतलाय. आणि ज्याच्या दुकानात मांस टांगलंय तो म्हणतो, मी स्वतः मारत नाही, स्वतः खात नाही, आईवडिलांची सेवा करतो, खोटं बोलत नाही. आणि तो पुढे आपल्यासारख्यांचीही झोप उडवतो. शेतीला सगळे चांगलं म्हणतात, पण नांगराखाली किती जीव मरतात? धान्याच्या दाण्यात जीव नाही का? चालताना पायाखाली काय येतं, कोणी बघतं का? आमच्याकडच्या भाषेत सांगायचं तर, ज्या तलावातला मासा नको म्हणतो, त्याच तलावाच्या पाण्यावर पिकलेला धान आपण प्रसाद म्हणून खातो, आणि त्या चिखलणीतही जीव जातातच.

पण याचा अर्थ "मग सगळंच चालतं" असा नाही. इथे नीट वाचायला हवं. धर्मव्याध आपल्या धंद्याला चांगलं म्हणत नाही. तो स्वतः कबूल करतो की हे काम घोर आहे. तो त्याचं समर्थन करत नाही आणि त्यापायी स्वतःला टाकाऊही मानत नाही. घोर आहे हे माहीत असणं, शक्य तेवढं कमी करणं, आणि त्यातही आईवडील, सत्य, संयम न सोडणं, ही त्याची साधना. वारकरी परंपरेलाही हे परकं नाही. सजन कसायाच्या दुकानात देव हातभार लावायला जातो, हे आपण कीर्तनांतून ऐकत आलोय. देव दुकानात गेला. "आधी दुकान बंद कर, मग येतो" असं नाही म्हणाला.

विद्यार्थ्याला सूट का?

दोघेही विद्यार्थी आहेत, म्हणून आणखी एक विचार. कायदा विद्यार्थ्याला जागोजागी थोडी सूट देतो. वन्यजीव कायद्याचं कलम १२ सांगितलंच. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात सभासद व्हायला करार करण्याचं वय लागतं, पण फक्त विद्यार्थ्यांसाठी असलेल्या संस्थेला ती अट लागू नाही. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी केली, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, धोका नसलेल्या घरच्या धंद्यात मदत करायला मुभा ठेवली.

का बरं? मला वाटतं, कारण शिकायला हात लावावा लागतो. पुस्तक वाचून जाळं विणता येत नाही. पण ही सूट म्हणजे उधारी आहे. आपल्याकडे तिला ऋण म्हणतात. विद्यार्थी आज घेतो ते उद्या परत करण्याच्या बोलीवर. आणि शिकण्याच्या नावाखाली घेतलेलं प्रत्येक वेळी तपासायचं असतं. आपल्याच कॉलेजांत वर्षानुवर्षं बेडूक फाडले गेले. युजीसीने २०११ मध्ये विच्छेदन टप्प्याटप्प्याने बंद करण्याची दिशा दिली आणि २०१४ मध्ये ती आणखी पक्की केली. विज्ञान थांबलं नाही. म्हणजे जे आवश्यक वाटत होतं, त्यातलं बरंचसं सवयीचं होतं.

दोघांना लिहिलेलं उत्तर

अमेरिकेतल्या भावाला मी लिहिलं: परवाना काढणं गुन्हा नाही आणि काढणारे तुझे मित्र वाईट नाहीत. पण तू मला कायदा विचारत नाहीयेस, तो तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. युधिष्ठिराला भूक होती, तरी तो उठून गेला. तुला भूक नाही, वीकेंड आहे. फोटोसाठी एका जिवाच्या तोंडात गळ अडकवायचा आणि मग सोडला म्हणून दयाळू व्हायचं, हे माझ्या मनाला पटत नाही. मित्रांसोबत लेकवर जरूर जा. डबा घेऊन जा, वल्हव, पक्षी बघ. परवान्याचे पैसे वाचतील ते त्याच तळ्याच्या सफाईला दे. आणि मित्रांना उपदेश करू नकोस, तुझ्या हातात गळ नाही एवढं पुरे.

एकोडीच्या ताईला लिहायला मला चार दिवस लागले. लिहिलं ते असं: माळ तुझ्या गळ्यात पडणार आहे, तुझ्या बाबांच्या जाळ्याला नाही. माळेचा नेम तुझ्या तोंडाचा आणि तुझ्या वागण्याचा आहे. तू खाणं सोडलंस तर नेम पाळला गेला. बाबांच्या कष्टाची लाज बाळगू नकोस. त्यांनी एक जोखमीचं काम करून तुला पुस्तकं दिली. धर्मव्याधाने आईवडिलांची सेवा हाच आपला देव दाखवला होता, तोच तुलाही आहे.

पण एक मागणं आहे. तू प्राणिशास्त्र शिकतेस. हरणांनी जे मागितलं ते तुझ्या तलावासाठी तू मागू शकतेस. शेजारच्या अर्जुनी मोरगावकडे 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' ही संस्था मनीष राजनकरांसोबत बरीच वर्षं काम करतेय. तिथल्या ढिवर बायाबापड्यांनी तलावातलं बेशरम उपटलं, पाणवनस्पती लावल्या, जेणेकरून देशी माशांना अंडी घालायला आणि पिल्लांना लपायला जागा मिळावी. हे काम बघून ये. कोणते मासे कधी वितात, कोणत्या महिन्यात जाळं आवरायचं, हे बाबांना अनुभवाने माहीत असेल. ते लिहून काढ, तपास, सोसायटीच्या बैठकीत मांड. बी राखणं ही तुझ्या फीची परतफेड.

आणि भावाबद्दल: त्याने जाळं शिकावं. ती विद्याच आहे, आणि पाण्याची भीती जाते. पण कायद्याने "शाळेनंतर" एवढंच लिहिलंय. पोरगा वर्गात पेंगतो की नाही हे कायद्याला दिसत नाही, ते घरच्यांना बघावं लागतं. संध्याकाळची मदत वेगळी आणि पहाटेची मजुरी वेगळी. ती रेघ बाबांसोबत बसून तूच ओढ. तुझं ते ऐकतील.

तिचं उत्तर आलं, "बरं जी. बाबांना वाचून दाखवलं." पुढे काही नाही. मीही विचारलं नाही.

एक गोष्ट मात्र मनात राहतेच, ती लपवत नाही. बी उरलं म्हणून जो मासा मेला त्याचं दुःख कमी होत नाही. मुदत मिळाली ती हरणांच्या कुळाला. आधीच पडलेल्या हरणांना काहीच मिळालं नाही. हा हिशेब कुठल्याही कायद्याने, कुठल्याही परवान्याने पुरा होत नाही. मला वाटतं म्हणूनच व्यासांनी ही विनंती दरबारात नाही, स्वप्नात मांडली. दरबारात निकाल लागतो आणि विषय संपतो. स्वप्न मात्र उठल्यावरही सोबत येतं.

आजचा संकल्प : आज जेवायला बसताना "हे मी घेऊ शकतो का" हे विचारू नका, ते आपल्याला माहीतच आहे. "हे घेतल्यावर मागे काय उरतं, आणि त्याची किंमत कोण भरतं" एवढं एकदा मनात आणा. मग वदनी कवळ घ्या.

उद्याचं वाचन : याच्याच पुढचं, मुद्गल ऋषींचं आख्यान. कापणीनंतर शेतात सांडलेले दाणे वेचून जगणारा माणूस. हरणांच्या लगेच पुढे व्यासांनी त्याला का बसवलं असेल, वाचून ठेवा. उद्या बोलू.

राम कृष्ण हरी!